वाशीमकडील एका वाड्यांतील तीन शस्त्रें व ‘मूळ स्थिती’चा विचार

१. विषयप्रवेश

या त्रैमासिकाच्या वाचकांस पोथ्या, दप्तरें, ताम्रपट व नाणीं यांविषयींचे लेख वाचण्याची संवय आहे. त्यांत पिस्तुलासारख्या यंत्राचा, आणि तोहि दुसऱ्या महायुद्धानंतर घडविलेल्या पिस्तुलाचा, विचार कशासाठीं, अशी शंका कोणासहि येईल. मलाहि ती आली होती. मीं जन्मभर संस्कृत शिकविलें. शस्त्रांशीं माझा संबंध दसऱ्याच्या पूजेपुरताच. परंतु इ. स. २०२० सालीं एका घरचें मोडी दप्तर पाहावयास गेलों असतां ज्या प्रसंगांत सांपडलों, त्यानें एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. जुन्या वस्तूची ‘मूळ स्थिति’ म्हणजे काय, ती कशी ओळखावी व ती राखण्यास कोणत्या अडचणी येतात, हे जे प्रश्न पोथीसंग्राहकास पडतात तेच पिस्तुलें जमविणाऱ्यासहि पडतात. आणि त्या मंडळींनीं कांहीं बाबतींत त्यांचीं उत्तरें आपणांपेक्षां अधिक कसोशीनें शोधिलीं आहेत. त्यांपासून घेण्यासारखें काय आहे आणि माझ्या हातून काय चुकलें, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

२. स्थळ

वाशीम जिल्हा आजच्या रूपानें १९९८ सालच्या १ जुलैस अकोल्यापासून निराळा झाला. इंग्रजी अमलांतहि बासीम नांवाचा जिल्हा होता. तो १९०५ सालीं मोडून अकोल्यांत घातला गेला. गांव मात्र फार प्राचीन. विदर्भांतील वत्सगुल्म नगराचा उल्लेख राजशेखराच्या काव्यमीमांसेंत येतो, व वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी तेथेंच होती. द्वितीय विंध्यशक्तीचा वाशीम येथील ताम्रपट १९३९ सालीं उजेडांत आला. त्यांतील वंशवर्णन संस्कृतांत व दानाच्या व्यवहाराचा भाग प्राकृतांत आहे, हें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या संपादनावरून वाचकांस ठाऊक आहेच. कारंजा येथील जैन मंदिरांतील शास्त्रभांडारांची नोंद रायबहादुर हिरालाल यांनीं १९२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखितसूचींत आहे, आणि पुढें डॉ. हिरालाल जैन यांनीं तेथील अपभ्रंश ग्रंथ संपादून छापिले. तात्पर्य, जुनें अक्षर जपण्याचा वारसा या भागास नवा नाहीं.

शस्त्रांचा वारसाहि तितकाच खरा. हा मुलूख निजाम व नागपूरकर भोंसले यांच्या दुअमलीचा. पेंढाऱ्यांच्या धाडी, नाईकांचे दंगे व दोन सरकारांची वसुली यांत गढी आणि बंदूक यांवांचून पाटलाचें किंवा देशमुखाचें चालत नसे. १८१९ सालीं हटकर नाईक नोवसाजी यानें निजामाच्या फौजेशीं गढींतून झुंज दिली, ती याच दक्षिणेकडील पट्ट्यांतील गोष्ट. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारांत आलें आणि पैनगंगा ही बहुतांशीं वऱ्हाड व निजामी मुलूख यांमधील सीमा झाली. १९४८ सालच्या सप्टेंबरांत हैदराबादचा प्रश्न मिटेपर्यंत नदीच्या एका कांठीं एक राज्य व दुसऱ्या कांठीं दुसरें, अशी स्थिति होती. अशा सीमेवरील जुन्या घरांत शस्त्र सांपडणें आश्चर्याचें नव्हे. तें ज्या रूपांत सांपडतें तोच विचाराचा विषय आहे.

३. तीन शस्त्रें

पैनगंगेच्या खोऱ्यांतील एका गांवीं जुनें देशमुखी घराणें आहे. शस्त्रांचा ठावठिकाणा छापणें उचित नव्हे, म्हणून गांवाचें व घराण्याचें नांव देत नाहीं. घरचे वडील वारले व परवाना थोरल्या चिरंजिवांच्या नांवें झाला. २०२० सालच्या अधिक आश्विनांत, साथीचे दिवस असतांहि, त्यांनीं मला बोलावून घेतलें. निमित्त दप्तराचें होतें. परंतु ओसरीवर पाऊल ठेवितांच खरें कारण दिसलें. सतरंजीवर तीन शस्त्रें मांडलेलीं होतीं. पहिली टोपीची ठासणीची बंदूक, दस्त्यावर पितळेची पट्टी बसविलेली. दुसरी बारा बोअरची दुनळी, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं घेतलेली. तिसरें एक लहानसें पिस्तूल, पुठ्ठ्याच्या डब्यांत.

चिरंजीव म्हणाले, “गुरुजी, नव्या कायद्यानें दोनच ठेवतां येतात. एक ठाण्यांत जमा करायचें आहे, कोणतें तें तुम्ही सांगा. आणि दसरा तोंडावर आला आहे. हें पिस्तूल काळवंडलें आहे; अकोल्यास नेऊन निकेल चढवून आणूं म्हणतों. बाबांची वस्तु आहे, पूजेंत झळकली पाहिजे.”

हें शेवटचें वाक्य ऐकून माझ्या पोटांत धस्स झालें. त्याचें कारण पुढें सांगेन.

पिस्तुलांत काडतूस नाहीं याची खात्री परवानाधारकांनीं स्वतः करून दाखविली, व मग मीं भिंग लावून तें पाहिलें. तें वाल्थर कारखान्याचें ‘पीपी’ जातीचें, ७.६५ मिलिमीटरचें, म्हणजे आपल्याकडे ज्यास बत्तीस बोअर म्हणतात तें. वरच्या सरकत्या भागावर कारखान्याचें व उल्म नगराचें नांव. नळीवर व अंगावर बारीक मुद्रा: गरुड व त्याखालीं ‘एन्’ हें अक्षर, हरणाचें शिंग, आणि ६६ हा अंक. डब्याच्या चिठ्ठीवर जो क्रमांक तोच सांगाड्यावर. डब्यांत जादा काडतूसपेटी व जर्मन भाषेंतील माहितीपत्रक. परवान्याच्या जुन्या वहींत १९६९ सालची जकातीची पावती घडी करून ठेविलेली; घरचे एक आप्त जर्मनींतून शिक्षण संपवून परतले त्यांनीं तें आणिलें होतें. ‘काळवंडलें’ म्हणजे काय, तर नळीच्या टोकाशीं व कडांशीं पोलादाचा निळा मुलामा चामड्याच्या खोळीच्या घर्षणानें विरळ झाला होता, व मुठीच्या पट्ट्यांवर हाताचा घाम जिरला होता. यापलीकडे त्यास कोणीं हात लाविलेला नव्हता. थोडक्यांत, पोथीच्या भाषेंत बोलावयाचें तर प्रत शुद्ध, पूर्ण व सपुष्पिक होती.

४. मुलामा व समास

अशा पिस्तुलांचे संग्राहक युरोप-अमेरिकेंत पुष्कळ आहेत. त्यांच्या शास्त्राचें पहिलें सूत्र असें कीं, झिजलेला मूळ मुलामा हा नव्या चकचकीत मुलाम्याहून श्रेष्ठ. सामान्य मनुष्यास हें उलटें वाटतें. परंतु नवा मुलामा चढविण्यापूर्वीं पोलाद घासावें लागतें, आणि घासतांना चार गोष्टी नष्ट होतात. कडा बोथट होतात. कोरलेलीं अक्षरें उथळ होतात. खिळ्यांच्या भोकांचे कांठ बशीसारखे खोल होतात. व मुद्रा ठोकतांना तिच्या भोंवतीं धातूची जी बारीक उंचवट्याची रेघ उठते ती निघून जाते. जाणता संग्राहक बोटाच्या स्पर्शानेंच हें ओळखतो. पुन्हा मुलामा दिलेल्या वस्तूस तो ‘सुंदर’ म्हणेल, परंतु प्रमाण म्हणून हातीं धरणार नाहीं.

आपल्याकडे याचा पडताळा पाहावा. पोथी नव्यानें बांधतांना समास कापला कीं समासांतील टिपा, मालकाचें नांव व कोठें कोठें लेखनकालहि जातो. पुसट अक्षर वाचतां यावें म्हणून त्यावर नवी शाई फिरविली कीं वाचणाऱ्याचा पाठ लिहिणाऱ्याच्या माथीं बसतो. हरताळ लावून खोडलेला मूळ पाठ खरवडून पाहण्याच्या नादांत पानासच भोंक पडतें. ताम्रपट चिंचेनें घासले म्हणजे उजळतात खरे, पण बारीक मात्रा व अनुस्वार त्या उजाळ्यांत विरतात. हीं उदाहरणें पाहतां दोन्हींकडचा रोग एकच ठरतो. वस्तूवरील प्रेमानेंच तिचा पुरावा नष्ट होतो; आणि तें प्रेम असल्यामुळें करणारास दोषहि देववत नाहीं.

दुसरें सूत्र, अवयवांची एकवाक्यता. नळी, सांगाडा व सरकता भाग यांवर जेथें क्रमांक असतील तेथें ते जुळले पाहिजेत. मुठीच्या पट्ट्या त्याच काळच्या असल्या पाहिजेत. डबा, माहितीपत्रक व खोळ हीं बरोबर असलीं तर उत्तम. दोन अपूर्ण पोथ्यांचीं पानें जुळवून एक पूर्ण पोथी करणारे विक्रेते आपणांस अपरिचित नाहींत. पिस्तुलांच्या बाजारांतहि तोच उद्योग चालतो, व तेथें पृष्ठांकाचें काम हे क्रमांक करितात.

५. कालगणनेच्या खुणा

मला अधिक नवल वाटलें तें कालगणनेचें. बहुतेक युरोपीय देशांत शस्त्र विकण्यापूर्वीं सरकारी परीक्षणगृहांत जादा दाबाचें काडतूस उडवून नळीची परीक्षा घेतात, व ती टिकली म्हणजे मुद्रा ठोकतात. आमच्या पिस्तुलावरील गरुड व ‘एन्’ ही त्या परीक्षेची मुद्रा, हरणाचें शिंग हें उल्मच्या परीक्षणगृहाचें चिन्ह, व ६६ म्हणजे १९६६ साल. तेव्हां १९६९ सालच्या पावतीशीं काल जुळला.

परंतु सर्वत्र अंकच नसतात. जर्मन परीक्षणगृहांनीं अंकांऐवजीं रोमन लिपींतील अक्षरेंहि वापरिलीं आहेत. ‘ए’ म्हणजे शून्य, ‘बी’ म्हणजे एक, असें करीत ‘आय’ म्हणजे आठ. ‘जे’ गाळून ‘के’ म्हणजे नऊ. यावरून ‘एच्-आय’ अशी जोडी दिसली तर साल १९७८. ज्यांनीं कटपयादि पद्धतीनें श्लोकांतून अंक काढिले आहेत त्यांस ही युक्ति शिकविण्याची गरज नाहीं. तेथें क, ट, प व य हे चारहि एकचे वाचक. येथें एका अक्षरास एकच अंक, इतकाच भेद. स्पेनमध्यें १९२७ सालापासून दर वर्षास एक अक्षर दिलें, व अक्षरमालिका संपल्यावर १९५५ सालीं ‘ए-१’ पासून पुनः आरंभ केला. ज्यास हें ठाऊक नाहीं तो ‘ए’ व ‘ए-१’ यांत भेद न करितां अठ्ठावीस वर्षांनीं चुकेल.

सर्वांत बोधप्रद उदाहरण इटलीचें. मुसोलिनीच्या राज्यांत २८ ऑक्टोबर १९२२ पासून एक नवा शक मोजीत असत, व बेरेटा कारखान्याच्या पिस्तुलांवर ख्रिस्ती सालाशेजारीं या शकाचें वर्ष रोमन अंकांत ठोकीत. त्या शकाचें विसावें वर्ष म्हणजे १९४१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून १९४२ च्या ऑक्टोबरअखेरीपर्यंतचा काल. युद्धांत तें राज्य बुडालें व शकहि बुडाला. पुढें इटलीच्या परीक्षणगृहांनीं १९४५ हें पहिलें वर्ष धरून नवी गणना केली व तींतहि रोमन अंक वापरिले. या गणनेनें विसावें वर्ष १९६४ होतें. चिन्ह तेंच, आणि अंतर बावीस वर्षांचें. एकीकडे महायुद्धांतील सैनिकाचें शस्त्र व दुसरीकडे शांततेच्या काळांतील व्यापारी माल, असा फरक त्या दोन क्रॉसवजा खुणांच्या वाचनावर अवलंबून असतो.

वऱ्हाडच्या कागदांशीं झगडणाऱ्यांस ही अडचण घरचीच वाटेल. शक व संवत् यांत १३५ वर्षांचें अंतर आहे, म्हणून चूक सहसा लपत नाहीं. परंतु दक्षिणेंतील फसली व शुहूर या दोन सनांत सुमारें नऊच वर्षांचें अंतर पडतें. ‘सन’ येवढेंच लिहिलेलें असलें व महिना नसला म्हणजे कागद एका कारकीर्दींतून उचलून दुसरींत टाकिला जातो. सारांश, अंक वाचणें निराळें व तो अंक कोणत्या गणनेंतील हें ठरविणें निराळें. दुसरें काम वस्तूच्या इतर अंगांवरून करावें लागतें, आणि म्हणूनच तीं अंगें शाबूत हवींत.

६. नांव व घडण

कारखान्याचें नांव वाचलें म्हणजे जन्मस्थान कळलें असेंहि नव्हे. वाल्थरांचा कारखाना मूळ थुरिंगियांतील त्सेला-मेहलिस येथें होता. ‘पीपी’ जातीचें पिस्तूल तेथेंच १९२९ सालीं निघालें. १९४५ सालच्या पराभवानंतर तो प्रदेश रशियाच्या ताब्यांतील विभागांत गेला. मालक पश्चिमेस उल्म येथें आले. जर्मनांस त्या वेळीं शस्त्रें घडविण्याची मोकळीक नव्हती. तेव्हां १९५२ सालापासून फ्रान्समधील मान्यूरीन या कारखान्यानें परवाना घेऊन हीं पिस्तुलें म्यूलूझ येथें घडविण्यास आरंभ केला. पुढें उल्मचें नांव व जर्मन मुद्रा घेऊन जीं पिस्तुलें बाजारांत आलीं त्यांतील पुष्कळांचे भाग फ्रान्समध्यें घडलेले व उल्म येथें पुरे केलेले होते. त्यामुळें ‘उल्म’ हें नांव खरें असूनहि पूर्ण सत्य नव्हे.

पोथीच्या पुष्पिकेंतहि हेंच घडतें. लेखक ज्या गांवीं बसून नक्कल करितो त्या गांवाचें नांव लिहितो. ज्या प्रतीवरून नक्कल केली ती कोठली, हें क्वचितच लिहितो. पुष्पिकेवर विसंबून ग्रंथाची परंपरा ठरविणारा व मुद्रेवर विसंबून पिस्तुलाचें जन्मस्थान ठरविणारा, हे दोघेहि एकाच पंक्तींतले.

७. मळाची साक्ष

मूळ स्थितींत मळहि येतो, आणि मळहि बोलतो. १६ डिसेंबर १९७१ रोजीं ढाक्यास पाकिस्तानचे सेनापति नियाझी यांनीं शरणागति पत्करली, तेव्हां आपलें पिस्तूल म्हणून एक रिव्हॉल्व्हर जनरल अरोरा यांच्या हवालीं केलें. त्या प्रसंगीं उपस्थित असलेले जनरल जेकब यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत लिहिलें आहे कीं, पुढें त्यांनीं तें शस्त्र तपासलें तेव्हां नळी घाणीनें भरलेली व गळ्यांत अडकविण्याची दोरी तेलकट आणि उसवलेली आढळली. त्यावरून त्यांनीं असा निष्कर्ष काढिला कीं, हें सेनापतीचें स्वतःचें शस्त्र नव्हे. लष्करी पोलिसांपैकीं कोणा शिपायाचें घेऊन पुढें केलें असावें. हा निष्कर्ष कोणीं मान्य करो वा न करो, तो काढतां आला तो मळामुळें. त्याच सायंकाळीं कोणा उत्साही माणसानें तें रिव्हॉल्व्हर पुसून, तेल देऊन, दोरी बदलून मखमलीवर ठेविलें असतें तर आख्यायिका तेवढी उरली असती व पुरावा गेला असता.

८. कायद्याची अडचण

येथवर पोथी व पिस्तूल बरोबरीनें चाललीं. येथून पुढें वाटा फुटतात; कारण पोथीपासून कोणाच्या जिवास धोका नाहीं. शस्त्रावर राज्याची नजर असणारच, व ती असावी यांत वाद नाहीं. १८७८ सालच्या कायद्यानें परवान्यावांचून हत्यार बाळगण्यास बंदी झाली. स्वातंत्र्यानंतर १९५९ सालीं नवा कायदा झाला व तो १९६२ सालच्या १ ऑक्टोबरपासून अमलांत आला. त्याच्या ४५ व्या कलमांत एक सवलत आहे: जुन्या, कालबाह्य नमुन्याचें, पुराणवस्तु म्हणून मूल्य असलेलें किंवा मोडकें शस्त्र, जें दुरुस्त करून वा न करितांहि उडविण्याजोगें नाहीं, त्यास हा कायदा लागू नाहीं. शब्द नीट पाहावे. नुसतें जुनें असून भागत नाहीं. तें कायमचें निकामीहि असलें पाहिजे.

यावरून संग्राहकाचा पेंच लक्षांत येईल. शस्त्र मूळ स्थितींत ठेवावें तर परवाना हवा. परवान्यावांचून ठेवावें तर नळीस भोंक पाडून वा ती बुजवून तें निकामी करावें लागतें, व मग मूळ स्थिति राहत नाहीं. त्यांत २०१९ सालच्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस तीनऐवजीं दोनच शस्त्रें ठेवतां येतात. ही दुरुस्ती त्या वर्षीं १४ डिसेंबरास अमलांत आली. जादा शस्त्र एका वर्षाच्या आंत ठाण्यांत किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावयाचें होतें. वारसानें आलेल्या शस्त्रांसहि हीच मर्यादा आहे.

दुसरीकडे १९७२ सालचा पुराणवस्तूंचा कायदा शंभर वर्षांची वस्तु पुराणवस्तु मानितो. मात्र ऐतिहासिक, वाङ्मयीन वा तत्सम महत्त्वाच्या हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षें पुरतात. १९४८ सालीं लिहिलेला महत्त्वाचा कागद २०२३ सालीं या व्याख्येंत येऊं शकला. त्याच सालीं घडविलेलें पिस्तूल २०४८ सालापर्यंत येणार नाहीं. म्हणजे युद्धोत्तर काळच्या शस्त्रास आज एका कायद्याचा धाक आहे व दुसऱ्याचा आधार नाहीं. जीं संग्रहालयांत पोंचलीं तीं वांचलीं. पुण्यास दिनकर गंगाधर केळकर यांनीं आयुष्यभर जमविलेला संग्रह १९७५ सालीं राज्य सरकारास दिला, त्यांत शस्त्रेंहि आहेत. परंतु संग्राहकाचें लक्ष स्वभावतःच जुन्याकडे असतें. कालपरवांची वस्तु जुनी होईपर्यंत तिला कोणीं सांभाळावें, हा प्रश्न उरतोच.

९. माझी चूक व शेवट

आतां ओसरीवरील प्रसंगाकडे वळूं. पिस्तुलास निकेल चढवूं नये, हें मीं चिरंजिवांस वरील कारणें देऊन सांगितलें. ते म्हणाले, “मग पूजेंत असेंच काळें ठेवायचें?” मीं म्हटलें, “दादासाहेब, तुमच्या वडिलांच्या हाताच्या घर्षणानें तें काळें झालें आहे. निकेल चढविलें तर तें अकोल्याच्या कारागिराचें होईल.” हें त्यांस पटलें. कोरड्या मऊ फडक्यानें पुसून, तेलाचा पुसट हात देऊन तें परत डब्यांत गेलें.

परंतु तीनांपैकीं कोणतें जमा करावें, हा मुख्य प्रश्न राहिला. दुनळी शेतीस हवी होती. उरलीं पिस्तूल व ठासणीची बंदूक. इतिहासाच्या दृष्टीनें बंदूक जुनी. तिचा कैवार घेणें हें माझें काम. एका आप्तांनीं सुचविलें कीं, तिच्या नळीस भोंक पाडून ४५ व्या कलमाची सवलत मागावी. नळी धडधाकट होती. भोंक पाडण्यास माझें मन होईना. मग तिच्या बाजूनें बोलण्यास आधार काय, तर दस्त्यावरील पितळी पट्टी. आणि ती पट्टी मला परिचित होती.

सुमारें १९८५ सालीं मी नुकताच शिक्षक झालों होतों. शाळेच्या एका प्रदर्शनासाठीं याच घरून ही बंदूक, घरच्या वडिलांच्या देखरेखीखालीं, मागून आणिली होती. पट्टीवर हिरवट-काळा थर होता व त्यांत मोडी अक्षरांच्या दोन ओळी दिसत होत्या. प्रदर्शनांत ती झळकावी म्हणून मींच विद्यार्थ्यांकडून ती चिंच व राख लावून घासविली. अक्षरांची नक्कल आधीं करून घ्यावी, हें मला सुचलें नाहीं. त्यानंतर दर दसऱ्यास ती तशीच घासण्याची घरांत चालच पडली. गुरुजींनीं दाखवून दिलेली रीत म्हणून. चिरंजिवांचें ‘झळकली पाहिजे’ हें वाक्य मुळांत माझेंच होतें.

आज त्या पट्टीवर भिंगानें ‘बासीम’ हीं अक्षरें व ‘सन १२’ येवढेंच वाचतां येतें. पुढचे दोन अंक गेले. सन फसली धरिला तर १७९० पासून १८९० पर्यंतचें कोणतेंहि वर्ष संभवतें. शुहूर धरिला तर त्याहून नऊ वर्षें पुढें. टोपीची बंदूक असल्यामुळें आरंभींचीं कांहीं दशकें गाळतां येतील. परंतु मुख्य प्रश्न, ही नोंद १८५३ पूर्वींची कीं नंतरची, निजामी अमलांतील कीं इंग्रजी, याचें उत्तर त्या दोन अंकांत होतें. तें मिळालें असतें तर वाशीम परगण्यांतील शस्त्रनोंदीचा तो एक समकालीन पुरावा ठरला असता व बंदूक ठेवून घेण्याचा आग्रह मला धरितां आला असता. आतां माझ्या हातीं एक घासलेली पितळ होती, आणि समोर सर्व कागदांसह अविकृत असलेलें पिस्तूल. मीं कोणताच आग्रह धरिला नाहीं. घरच्यांनीं दुनळी व पिस्तूल ठेविलें. बंदूक विहित मुदतींत जमा केली. ती सरकारी संग्रहालयाकडे जावी असा अर्ज तिच्याबरोबर दिला.

जमा करण्यापूर्वीं एक दिवस मागून घेऊन मीं तिचें टिपण केलें. लांबी, नळीचा व्यास व वजन घेतलें. सर्व बाजूंनीं छायाचित्रें घेतलीं. पट्टीवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीनें ठसा घेतला. त्या ठशांत डोळ्यांस न दिसणारी एक उभी रेघ उमटली आहे. ती तिसऱ्या अंकाची असावी. तेवढ्यावरून कांहीं ठरविणें योग्य नव्हे, म्हणून ठसा जशाचा तसा ठेविला आहे.

यावरून पोथ्या, पट व शस्त्रें पाहावयास जाणाऱ्या तरुण अभ्यासकांस चार सूचना करण्याचा मला अधिकार नसला तरी अनुभव आहे. पहिली, स्वच्छ करण्यापूर्वीं नक्कल करावी. नक्कल न करितां उजळूं नये. दुसरी, वस्तूबरोबर तिचे कागद, डबा, खोळ, दोरी व रुमाल हींहि तिचींच अंगें समजून एकत्र राखावीं. तिसरी, शस्त्र असेल तर तें परवानाधारकाच्या समक्षच पाहावें, आपल्या घरीं आणूं नये, व कायद्याची शंका परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यासच विचारावी. संग्रहाच्या लोभानें आडमार्ग धरूं नये. चौथी, घरच्या मंडळींस आपण सहज म्हणून जें सांगतों तें पिढ्यान् पिढ्या पाळलें जातें, याचें भान ठेवावें.

पुढील दसऱ्यास त्या घरून निरोप आला कीं, पिस्तूल डब्यासह पूजेंत मांडलें होतें व कोणीं घासलें नाहीं. बंदुकीच्या जागीं त्यांनीं तिचें छायाचित्र ठेविलें होतें.